एक माणूस तयार होतोय

४ मार्च, मंगळवार

सर्टिफिकेट पाहिजे म्हणे. मला! माझं!

दादा दुपारी कॉलेजमधून आला तो चेहरा पाडूनच. काउंटरवर पिशवी टाकली, घटाघटा पाणी प्यायला आणि माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. माझ्या हातात तापलेली सोल्डरिंग गन, समोर उघडा बोर्ड. म्हटलं, बोल, पण लांबून बोल. तर म्हणाला, "कॉलेजात नवा साहेब आलाय. त्याने नियम काढलाय. पुढच्या वर्षी लॅबच्या मशीनचं कंत्राट हवं असेल तर दुकानात सर्टिफिकेटवाला टेक्निशियन पाहिजे. कागद दाखवावा लागणार."

त्या लॅबमधलं एकूण एक मशीन मी उघडलंय. कुठला पंखा कुरकुरतोय ते मला दारातून आत शिरतानाच कळतं. हा साहेब आला कधी? परवा! आणि मला कागद मागतो!

"हे मला सांगून काय होणार?" — दादा.

"मग त्याला सांग ना!"

"सांगितलं. म्हणाला, एवढं येतं तर पास व्हायला काय जड आहे?"

अंगाचा नुसता तिळपापड झाला. वर दादा म्हणतो, "साधी परीक्षा आहे गं. देऊन टाक." साधी! बारावीला दोनदा आपटलेल्या बाईला विचार परीक्षा साधी असते का. मी ओरडलेच, "एवढी साधी आहे तर तूच बस ना परीक्षेला!" दारात गिऱ्हाईक उभं होतं, तेसुद्धा दचकलं. दादा काउंटरवर जाऊन पावत्या चाळत बसला.

बरी जिरली.

५ मार्च, बुधवार

दादाशी बोलले नाही. तोही बोलला नाही. दिवस छान गेला.

९ मार्च, रविवार

दुकान बंद. खाली जाऊन टेबल पुसलं. स्पिरिट लावून, कोपऱ्यांतली सोल्डरिंगची जुनी राळ खरवडून काढली. डोकं ठिकाणावर आणायचं असलं की मी हेच करते.

हे टेबल बाबांचं. आधी यावर रेडिओ उघडले, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. बाबा शिकवताना बोलत नसत. कोऱ्या कागदावर मशीनची बाहेरची रेषा काढायची आणि जिथला स्क्रू निघाला तिथेच तो कागदावर ठेवायचा — म्हणजे परत बसवताना चूक नाही. आणि तरीही हात चुकीच्या स्क्रूकडे गेला की मागून "च्". बस. ओरडणं नाही, समजावणं नाही. जिभेचा एक "च्", आणि हात जागच्या जागी थांबायचा. मला ती सवय त्यांच्याकडूनच लागली. दादा सारखा म्हणतो, "तुझं ते च् बंद कर, गिऱ्हाइकाला वाटतं त्यालाच केलं." बहुतेक वेळा त्यालाच केलेलं असतं.

टेबल खरं तर दादाचं व्हायचं होतं. थोरला, त्यातून मुलगा. तोच आधी शिकायला बसला. मग एका गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपला त्याने आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू पिळला. दिसायला दोन्ही सारखे, पण लांब स्क्रू आरपार जाऊन आतल्या बोर्डातल्या केसासारख्या तारा तोडतो. मशीन कायमचं मेलं. त्या दिवशी "च्" करायला बाबा दुकानात नव्हते. आले, बोर्ड पाहिला, दादाच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला आणि माझ्या हातात दिला. गिऱ्हाइकासमोर, आईसमोर, सगळ्यांसमोर. म्हणाले, "याला बोलता येतं. हा काउंटरवर बसेल."

मला काय आनंद झाला होता! अजून आठवलं की होतो. तेव्हापासून मी टेबलावर आणि दादा काउंटरवर. बाबा गेले तरी तसंच. त्याने त्यानंतर टेबलाकडे कधी मान वळवून पाहिलं नाही — आणि आता मला परीक्षेला बसवतो!

माझ्याकडे दुसरं आहे काय? नवरा नाही, पोर नाही, डिग्री नाही. एक टेबल आहे. त्याच्यावर बसायला मी कुणाचा कागद आणू?

१३ मार्च, गुरुवार

जेवताना वहिनी सुरू. "कागद नाही तर कंत्राट नाही, कंत्राट नाही तर दुकान नाही. तू आपली बस मिजाशीत." मी म्हटलं, वहिनी, तुम्ही पोळ्या बघा, करपतायत. खरंच करपत होत्या. तरी तिला राग आलाच.

दादा ताटात बघून म्हणाला, "जाऊ दे. तिला नको असेल तर नको. काहीतरी करू."

काहीतरी करू! काय करणार आहे हा? ह्याला साधा फ्यूज बदलता येत नाही.

मी ठरवलंय. बघून तरी येते बाहेर काय काय सर्टिफिकेटं मिळतात ते. पण या दोघांना पत्ता लागू द्यायचा नाही. घेतलं तर माझं मी घेईन. यांच्या सांगण्यावरून घेतलं असं आयुष्यभर ऐकून घेणार नाही.

१७ मार्च, सोमवार

पहिलं ठिकाण — मॉलमधलं कंपनीचं सर्व्हिस सेंटर. घरी सांगितलं, दाताला चाललेय.

काचेचं दार, आत गारठा, आणि एकाच्याही शर्टावर डाग नाही. डाग नाही म्हणजे काम करत नाहीत, हे मला तिथेच कळलं. कोटवाल्याने बसवून घेतलं. "मॅडम, आमचं सर्टिफिकेट म्हणजे सोनं." विचारलं, शिकवता काय? "खराब पार्ट ओळखायचा, काढायचा, नवा बसवायचा." आणि बोर्डावरचा तांदळाएवढा कपॅसिटर गेला तर? "बोर्ड बदलायचा." अख्खा? "अख्खा." आणि सोल्डरिंग? लहान मुलाने सुरी मागितल्यावर हसतात तसा हसला. "मॅडम, आमच्याकडे कुणी बोर्डाला गन लावली की तो घरी. तशी सहीच घेतो आधी."

म्हणजे मी सही करून द्यायची की यापुढे गन हातात धरणार नाही! सर्टिफिकेट मिळणार, पण ज्याचं मिळणार तेच करायचं नाही! मी उठलेच. निघताना त्याने कंपनीचं नाव छापलेलं पेन दिलं, फुकट. घरी येऊन हे लिहायला घेतलं तर उठत नाही. तेही बदलूनच घ्यायचं असेल.

वहिनी: "काय म्हणाला दातवाला?"

म्हटलं, मुळापासून किडलंय.

२२ मार्च, शनिवार

दुसरं ठिकाण. चिप लेव्हलचा क्लास, म्हणजे फक्त बोर्डाचं बारीक काम. माझंच काम! जिना चढताना मनातून खूश होते, खोटं कशाला बोलू. पाटीवर लिहिलेलं — "एका महिन्यात एक्स्पर्ट व्हा". मला वीस वर्षं लागली, मीच मठ्ठ!

सरांच्या प्रत्येक बोटात अंगठी. डेमो दाखवतो म्हणाले. गरम हवेची गन इतकी जवळ धरली की शेजारचा प्लास्टिकचा सॉकेट मेणासारखा वाहायला लागला. मी डोळे मिटून घेतले. सर शांतपणे म्हणाले, "हे असं होऊ द्यायचं नाही." बाकीच्यांनी वहीत लिहून घेतलं!

विचारलं, तुमचं सर्टिफिकेट कोण मानतं?

"आम्ही."

आणि तुम्ही सोडून?

"फ्रेम करून लावा ना. दुकानात छान दिसतं."

परत येताना चपलेचा अंगठा तुटला. सगळा राग चपलेवर काढला, ती बिचारी काय करणार.

२८ मार्च, शुक्रवार

आज कळलं.

मागच्या मोरीत हात धूत होते. काउंटरवर दादा फोनवर, आवाज दाबून. पण दाबलेला आवाज मला जास्तच ऐकू येतो. "हो साहेब. एक माणूस तयार होतोय. मे संपायच्या आत कागद दाखवतो तुम्हाला. … नाही, नाही, तिला नाही सांगितलं. तिला कळलं तर दुकान डोक्यावर घेईल."

हात साबणाचे तसेच. पाणी वाहतंय. माणूस! तयार होतोय! म्हणजे "काहीतरी करू" ते हे! कुठून तरी एक सर्टिफिकेटवाला आणायचा, माझ्या टेबलावर बसवायचा, आणि मला काय — त्याच्या हाताखाली? स्क्रू मोजायला?

एवढी वर्षं याच्या पाठीला पाठ लावून काम केलं. याने तोंडाने आणलेलं गिऱ्हाईक मी हाताने टिकवलं. आणि याने एकदा तोंड उघडून विचारलंसुद्धा नाही! विचारलं होतं म्हणा, पण असं विचारतात?

मोरीचं दार लावून रडले. रागाने रडले, दुःखाने नाही.

दुःखानेसुद्धा.

२९ मार्च, शनिवार

दादाने स्वतः चहा आणून टेबलावर ठेवला. त्याच्यासमोर गार होऊ दिला. साय आली तरी हात लावला नाही.

२ एप्रिल, बुधवार

ठरलं. मीच जाणार.

पुलापलीकडे मोठं वर्कशॉप आहे, बोर्डाचंच काम करतात. मालकीण माझं काम ओळखून आहे, तिच्याकडून परत गेलेली दोन मशीनं मी जिवंत केली होती. सरळ विचारलं तिला. म्हणाली, "तू आलीस तर मला हवीच आहेस. स्वतंत्र टेबल देते, मोठं भिंग देते. फक्त ते साधं हार्डवेअरचं सर्टिफिकेट तेवढं आण. सगळीकडे चालतं ते. तेवढ्याशिवाय मोठ्या कंपन्या मला माल देत नाहीत."

मी म्हटलं, तुम्हीपण?

"मीपण. मी स्वतः तीनदा बसले. दोनदा नापास." आणि खो खो हसली. नापास झालेलं असं हसत सांगता येतं, हे मला माहीतच नव्हतं.

तर हे तिसरं. ना कंपनीचं सोनं, ना अंगठीवाल्याची फ्रेम. साधं, सगळीकडचं. स्क्रीनवर लेखी, ती ज्याला जमेल त्या दिवशी द्यायची. मग सगळ्यांचं प्रॅक्टिकल एका दिवशी. आठवड्यातून दोन दुपारी क्लास. पास झाले की निघाले. दादाने त्याचा तयार माणूस बसवावा टेबलावर, नाहीतर डोक्यावर.

वहिनीला सांगितलं, रूट कॅनल आहे. बऱ्याच खेपा होतील.

८ एप्रिल, मंगळवार

क्लासचा पहिला दिवस. सगळी पोरंटोरं, मला काकू म्हणतात. माझ्या पुढे बसतो त्याचं नाव मी पोपट ठेवलंय — सर वाक्य संपवायच्या आत हा ते परत म्हणतो.

हार्डवेअरचे प्रश्न ठीक. पण एक अख्खा धडा "ग्राहकाशी वागणूक" म्हणून! प्रश्न: ग्राहक आवाज चढवून बोलत असल्यास तुम्ही काय कराल? मी लिहिलं — आवाज चढवीन. सरांनी वहीवर एवढी मोठी फुली मारली. पुढचा: दोष ग्राहकाच्याच चुकीमुळे झाल्यास? मी: त्याला तसं सांगीन. फुली. अशा सगळ्या फुल्या. पोपटाचे सगळे बरोबर.

सर म्हणाले, "काकू, तुम्ही दुकान कसं चालवता हो?"

मी दुकान चालवत नाही, म्हटलं. मी मशीन चालवते.

१५ एप्रिल, मंगळवार

क्लासहून आले तर माझ्या टेबलाला कुणीतरी हात लावलेला!

दिवा खाली ओढलेला, नाक टेकेल इतका. भिंगावर बोटांचे ठसे. चिमटा डावीकडे! माझा चिमटा जन्मात डावीकडे नसतो. म्हणजे तो माणूस येतो. मी नसताना येतो. बसवून बघतायत त्याला! आणि दिवा इतका खाली म्हणजे डोळ्यांनी अधू असणार. दादासारखाच. हा पावती हात लांब करून वाचतो, पण चष्मा लाव म्हटलं तर म्हातारा दिसेन म्हणतो.

काउंटरवर वहिनी बसलेली. म्हटलं, कोण आलं होतं? "कुणी नाही." दादा कुठाय? "वर. हात धुतोय." आणि वर तोंड करून म्हणते, "तू दाताला गेलीस ना, की दुकानात कसं शांत असतं."

मी तिच्याकडे बघून "च्" केलं. गिऱ्हाईक नव्हतं, ते तिलाच होतं.

१६ एप्रिल, बुधवार

दिवा वर केला. भिंग पुसलं. टेबलाच्या खणाला कुलूप लावलं.

२० एप्रिल, रविवार

कुलपाचा उपयोग नाही. तो आता भंगारातली मशीनं घेतो!

मागच्या खोलीत भंगाराचं खोकं आहे, मेलेले लॅपटॉप, पार्ट काढायला ठेवलेले. आज एक बिजागरी शोधायला गेले तर वरचा लॅपटॉप नीट बंद केलेला. मेलेलं मशीन कोण एवढं नीट बंद करतं? उघडला. आणि बघते तर काय — आखूड जागी लांब स्क्रू! बोर्डाला आरपार भोक!

मला हसूच आलं. हा तयार होणारा माणूस! ह्याचा कागद दाखवणार कॉलेजला! दादाची निवड अगदी दादासारखीच.

जेवायला बसल्यावर मुद्दाम म्हटलं, "लांब स्क्रू घालणाऱ्याला बाबांनी टेबलावरून उठवला होता. आठवतं ना, दादा?"

दादाचा घास हातातच राहिला. मग ताट तसंच ठेवून उठला.

वहिनी म्हणाली, "किती विष आहे गं तुझ्यात." आणि तिच्या डोळ्यांत पाणी. तिचं काय जळलं यात? तिला काय माहीत लांब काय नि आखूड काय!

मी जेवले. पोटभर जेवले. पाणी पिऊन वर आले. झोप मात्र लागत नाहीये, गरम होतंय.

२९ एप्रिल, मंगळवार

गेल्या आठवड्यात टेबलाला कुणी हात लावला नव्हता. वाटलं, पळाला. आज क्लासहून आले तर दिवा पुन्हा खाली. चिवट आहे!

आणि दादाला हल्ली भलतीच चौकशी. सकाळी मध्येच, "काय गं, मशीनला हात लावायच्या आधी तू त्या नळाला का हात लावतेस?" एवढ्या वर्षांत आज दिसलं त्याला! म्हटलं, अंगातली वीज उतरवायला. नाहीतर माणसाला कळत नाही आणि रॅम जळते. "असं होय," म्हणाला, आणि हे पाठ केल्यासारखे ओठ हलवले. म्हणजे माझ्याकडून काढून घ्यायचं आणि त्या माणसाला शिकवायचं! यापुढे एक अक्षर सांगणार नाही.

बाकी वेळ काउंटरवर कानात वायरी घालून मोबाइल बघत बसतो. गिऱ्हाईक उभं असतं आणि हा व्हिडिओ बघतोय! पूर्वी असा नव्हता. मन उडालंय त्याचं दुकानातून, दुसरं काय.

वहिनी म्हणते, "आणखी किती दात आहेत गं तुला?"

६ मे, मंगळवार

लेखी दिली. पास! स्क्रीनवर तिथल्या तिथे दिसतं. काठावर, पण पास. मी दोनदा डोळे चोळून पाहिलं. मग बाहेर पायरीवर बसले.

ग्राहकाच्या वागणुकीचे प्रश्न आले तेव्हा घाम फुटला होता. ग्राहक आवाज चढवून बोलत असल्यास. चारही उत्तरं सारखीच वाटायला लागली. मग एकदम दादाचा आवाज कानात आला — "बसा ना जरा, पाणी घ्या, काय झालं ते नीट सांगा." तेच उत्तर होतं, तिसरं. दाबलं. पुढच्याला पुन्हा दादा. "चूक कुणाची ते नंतर बघू, आधी मशीन चालू करू." तेही होतं! सगळे प्रश्न दादा काय म्हणाला असता ते आठवून सोडवले. आणि सगळे बरोबर आले!

काय संताप आला. त्याला सोडून जायची परीक्षा, आणि त्याच्याच जिवावर पास!

११ मे, रविवार

आज जादा क्लास. प्रॅक्टिकलचे नियम. प्रत्येकाला एक बिघडलेला लॅपटॉप. उघडायचा, दोष काढायचा, बंद करून चालू करून दाखवायचा. स्क्रू चुकला, बोर्ड गेला, तर तिथेच नापास. आणि सरांनी तीनदा सांगितलं — बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. कुणी कुणाला मदत करताना दिसलं तर दोघांनाही बाहेर.

पोपट लगेच: दोघांनाही बाहेर.

मला कुणाची मदत नको आणि मी कुणाला देणार नाही. हा नियम मला आवडला.

१५ मे, गुरुवार

मी शनिवारी दाताच्या शेवटच्या खेपेचं सांगणार, तेवढ्यात दादाच म्हणाला, "शनिवारी दुकान बंद ठेवू. मला पार्ट आणायला जायचंय."

पार्ट! दादा पार्ट आणायला जातो? पार्टाचं नाव तरी सांगता येईल का त्याला? त्या माणसाला आणायला चाललाय, सरळ आहे. बोलताना माझ्या डोळ्यांत बघत नव्हता. नखं खात होता, या वयात.

म्हटलं, जा. चांगला बघून आण. परत परत बदलायला लागू नये.

"हो," म्हणाला. वहिनी उगाचच भांडी आपटत होती.

बरंच झालं. मी सोमवारी सांगणार. टेबल, दिवा, खणाची किल्ली सगळं त्याच्या पुढ्यात ठेवीन आणि निघेन. एकच वस्तू नेणार — बाबांचा स्क्रूड्रायव्हर. तो मला दिलाय, सगळ्यांसमोर.

१७ मे, शनिवार

माझा नंबर मागच्या रांगेत. पुढचे आधीच कामाला लागलेले, सगळे पाठमोरे. मशीन उघडलं, दोष सापडला, पाठ सरळ करायला मान वर केली.

समोरच्या टेबलावरच्या माणसाने स्क्रू ठेवायला दिलेली चुंबकाची चटई बाजूला सारली होती. प्रश्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीने मशीनची रेषा, आणि तिच्यावर एकेक स्क्रू आपापल्या जागी.

मान इतकी खाली की नाक टेकेल. डोळ्यांवर नवा चष्मा. चिमटा डावीकडे.

दादा.

मशीन बंद करत होता. बोटं कागदावर फिरली आणि त्याने लांब स्क्रू उचलला. आखूड भोकावर ठेवला. स्क्रूड्रायव्हर टेकवला.

मला फक्त गप्प बसायचं होतं.

"च्."

हात जागच्या जागी थांबला.

निरीक्षक बाई खुर्चीतून उठल्या. "कोण ते? कोणी आवाज केला?"

मी हात वर केला. "मी. दात दुखतोय."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग बसल्या.

दादाने मागे वळून पाहिलं नाही. लांब स्क्रू कागदावर त्याच्या जागी ठेवला आणि आखूड उचलला.